खाडीच्या गणिताला एक हार

चांगदेवला कोणी वेडा म्हटलं की माझं डोकं सटकतं. परवाच बाळकुम नाक्यावर एका रिक्षावाल्याने विचारलं, "तो खाडी मोजणारा येडा आता कुठे असतो?" भर रस्त्यात त्याला असं झापलं की बिचारा मीटर टाकायलाच विसरला. म्हणून म्हटलं, एकदाचं सगळं सांगून टाकू. नंतर ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

मी शेवंती. बाळकुमच्या खाडीकाठी आम्हा कोळ्यांची वस्ती आहे, तिथली. टेंभी नाक्याजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथे मी बाहेरच्या टेबलावर बसायचे. फोन घ्यायचा, चौकशीला आलेल्यांना माहिती द्यायची आणि मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या. हो, तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल चालत नसे. आत एसी, मशीनवर प्लास्टिकची झाकणं, आणि पालक आत डोकावले तरी देवळात आल्यासारखे हळू बोलायचे.

चांगदेव तिथे शिकवायचा. कल्याणच्या चाळीतला मुलगा, बी.एस्सी.ला गणित घेतलेलं, पुढे शिकायचं राहून गेलेलं. त्याचे वडील सखारामकाका रेल्वेत गँगमन होते. दर दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि लहानपणापासून चांगदेवला बरोबर न्यायचे. कितीही काम असो, परीक्षा असो, ती वारी, म्हणजे ते जाणं, कधी चुकलं नाही. दसऱ्याच्या दिवसांत चांगदेव ठाण्यात कधी नसायचाच.

उंच, काटकुळा, शर्टाचं एखादं बटण कायम तुटलेलं. आणि रागीट! मुलांनी दंगा केला तर तो हसायचा, पण एखादं मशीन नुसतं चालू बसलेलं दिसलं की भडकायचा. "अरे, एवढी अक्कल घेऊन हे रिकामं बसलंय! माणूस असता तर घरच्यांनी हाकलून दिला असता!" मला तो आवडायचा. झालं, सांगून टाकलं. त्याला ते कळलं नाही, कारण गणित सोडलं तर त्याला दुसरं काही कळतच नसे.

अठ्ठ्याण्णव साल. आमच्या वस्तीच्या मागे खाडीचा एक फाटा खाजणात शिरतो. भरतीचं पाणी त्या खाजणात पसरतं, तिवरांत मुरतं, ओहोटीला परत जातं. त्या खाजणावर मुरमाची भरणी टाकून इमारती बांधायचं ठरलं. आता मला सांगा, ते पाणी जाणार कुठे? आमच्या घरांत. आणि सगळ्यात टोकाचं घर माझ्या आईचं, आवडाबाईचं. बाबा गेल्यावर तिने त्याच ओट्यावर बोंबील वाळवून मला बारावीपर्यंत शिकवलं होतं.

वस्तीने हरकत घेतली. सुनावणी झाली. साहेब माणूस गोड बोलणारा होता. म्हणाला, "तुमच्या भावना मला समजतात. पण भावनांवर निकाल देता येत नाही. भरणीवाल्यांनी आकडे आणलेत, पाणी चढणार नाही म्हणून. तुम्हीपण आणा." आणि दसऱ्यानंतरच्या सोमवारची तारीख दिली. शेवटची.

मी क्लासमध्ये येऊन टेबलावर डोकं ठेवून रडले. चांगदेव खडू हातात घेऊन बाहेर आला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, रडतेस काय? पाणी म्हणजे गणितच आहे. करू आपण."

दुसऱ्याच रविवारी तो बाळकुमला हजर. माझ्या काकाची, दामाजीकाकाची होडी घेतली आणि खुणा केलेला एक बांबू खाडीत बुडवत सगळा फाटा मोजायला निघाला. पोहता येत नव्हतं. होडी जरा डुलली की तोंड पांढरंफटक. काका आपला हसतोय, "मास्तर, बांबू सोडू नकोस, माणूस सोडलास तरी चालंल!" चांगदेव काठावर येऊन दोनदा ओकला आणि परत होडीत चढला. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "गो शेवंते, हा पोर काय साधा नाय. याला भाकरी वाढ."

मोजणी झाली, पण खरी अडचण पुढे होती. पाणी पन्नास तऱ्हांनी येतं. नुसती भरती, नुसता पाऊस, अमावास्येचं उधाण, उधाणात पाऊस, वारा इकडून, वारा तिकडून. प्रत्येक तऱ्हेचं वेगळं गणित. आमच्या क्लासच्या एका मशीनवर घातलं असतं तर सुनावणी होऊन, इमारती उभ्या राहून, लोक राहायला आले असते तरी ते चालूच राहिलं असतं. एवढं मोठं मशीन कुठे मिळतं? मोठमोठ्या संस्थांत. तिथे आम्हाला कोण उभं करणार?

मग एक दिवस चांगदेव नाचतच आला. इंटरनेटवर त्याने वाचलं होतं की परदेशात लोक आपापल्या घरचं रिकामं मशीन उसनं देतात. हजारो माणसं, कोणी कोणाला ओळखत नाही. एका प्रचंड गणिताचे तुकडे करून वाटून घेतात, आणि ज्याचं मशीन जेव्हा रिकामं असेल तेव्हा त्याच्या वाट्याचा तुकडा ते सोडवतं. कुठल्याशा अवाढव्य मूळ संख्या म्हणे शोधत होते. मला पटकन कळलं. जवळ्याचा मोठा ढीग एकटी बाई निवडायला बसली तर तो कुजून जाईल, पण आळीतल्या सगळ्या बायका सूप घेऊन बसल्या की गप्पा संपायच्या आत ढीग संपतो. मी हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "शाबास! मी पानभर लिहिलं असतं ते तू एका वाक्यात सांगितलंस." दिवसभर मी हवेत होते.

त्याने प्रोग्राम लिहिला आणि आम्ही मशीनं मागत फिरायला लागलो. ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिथे म्हणून इंटरनेट घेतलेलं कोणी आहे असं कळेल तिथे. सायबर कॅफे, दुसऱ्या क्लासवाल्यांची दारं, एक दातांचा डॉक्टर, डोंबिवलीचा सीताराम, ज्याचं लग्नपत्रिका जुळवण्याचं डीटीपीचं दुकान होतं. काय काय ऐकून घेतलं! मशीन तापेल. व्हायरस येईल. लाइटबिल कोण भरणार? एकाने तर विचारलं, "खाडीचं पाणी माझ्या मशीनमध्ये येणार नाही ना?" चांगदेव हात जोडून सांगायचा, "काका, तुम्ही घरी गेल्यावर ते नुसतं बसलेलं असतं हो. मॉनिटरचा पडदा बंद ठेवा, पेटी चालू ठेवा. दिवसातून एकदा फोनवरून इंटरनेट जोडा. झालेलं उत्तर आपोआप माझ्याकडे येईल, नवा तुकडा आपोआप तुमच्याकडे जाईल." हळूहळू लोक तयार झाले. माणसं वाईट नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचंय. एकसुद्धा वाईट नव्हता.

एकच खोड होती. मधेच मशीन बंद केलं तर तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून. आधी चांगदेवने अर्धवट झालेलं मधूनमधून लिहून ठेवायची सोय केली होती. पण त्याने हार्डडिस्क सारखी खरखर करायची, आणि लोकांची तक्रार यायला लागली की मशीन बिघडलं. मशीनच काढून घेतील या भीतीने त्याने ती सोय काढून टाकली आणि प्रत्येक मशीनवर चिठ्ठी चिकटवली: 'कृपया बंद करू नये.'

उत्तरं यायला लागली. नुसती भरती, पाणी शिरत नाही. नुसता पाऊस, शिरत नाही. मी घाबरले. चांगदेव म्हणाला, "थांब ना! सोपे तुकडे आधी झालेत. उधाण आणि पाऊस एकत्र, तो खरा राक्षस आहे. तो मी राखून ठेवलाय." ते तुकडे फार मोठे होते, सलग चार-पाच दिवस मशीन मोकळं पाहिजे. एरवी दिवसा लोक कामं करायचे, एवढं मोकळं मशीन मिळणार कुठे? कॅलेंडर बघून त्यानेच शोधून काढलं. खंडेनवमी, दसरा, लागून गांधी जयंती, मग शनिवार-रविवार. सगळी दुकानं, सगळे क्लास बंद. "शेवंती, अख्ख्या ठाण्यात रिकामी मशीनं! सोमवारी सकाळी उत्तर साहेबाच्या टेबलावर!"

मंगळवारी संध्याकाळी शेवटचे तुकडे पाठवून तो वडिलांबरोबर नागपूरला गेला. जाताना क्लासच्या दारातून वळून म्हणाला, "आईला सांग, घर कुठे जात नाही."

बुधवारी सकाळी मी बाळकुमला होते. घर सारवलेलं, वल्ही धुऊन भिंतीला टेकवलेली, जाळ्यावर झेंडू. मी भाजी चिरायला विळी ओढली तर आईने माझ्या हातातून काढून घेतली. "आज हात नाय लावायचा तिला. नवमी हाय. हत्याराला आज विसावा." आणि विळीला हळदकुंकू लावून ती पाटावर ठेवली.

विळी पाटावर टेकली आणि मला क्लास आठवला. ज्याचं जे हत्यार त्याला आज विसावा. शिंप्याचं मशीन बंद, सुताराची करवत बंद, गिरणीचा पट्टा उतरवलेला. आणि कॉम्प्युटर? वर्षानुवर्षं मी पाहिलेलं की नवमीला कॉम्प्युटरला हार घालतात. पण पूजेच्या वेळी ते चालू असतं की बंद, हे कोण बघतं! चांगदेवच्या घरी ही पूजा होत नव्हती. या दिवसांत तो इथे कधी नसायचाच. त्याने कॅलेंडरवर 'खंडेनवमी' वाचली आणि त्याच्या लेखी तिचा अर्थ एकच होता: सुट्टी.

मी पळत नाक्यावरचा पीसीओ गाठला. क्लासचा फोन नुसता वाजत राहिला. मिळेल ती रिक्षा पकडली. टेंभी नाक्यावर देवीसाठी लोटलेली गर्दी, रस्ते अडवलेले. मी कोर्ट नाक्यापासून धावत सुटले, लोकांच्या पायांवर पाय देत, शिव्या खात. मनात एकच चाललेलं: आई, आजच्या दिवस माझं ऐक. कुठल्या आईला म्हणत होते, देवीला की घरच्या, मला माहीत नाही.

क्लासचं दार उघडं होतं. धुपाचा वास. मालक उत्तमराव सर सोवळं नेसून उभे, त्यांच्या बाईसाहेब प्रसादाची वाटी घेऊन. आणि खोलीभर आमची मशीनं, ओल्या फडक्याने पुसलेली, गंध लावलेली, प्रत्येकाला झेंडूचा हार. सगळी बंद. एका मशीनवरच्या 'कृपया बंद करू नये' या चिठ्ठीवरही कुंकवाचं बोट उठलेलं.

"सर, चालू करा!" मी ओरडलेच. "आत्ता चालू करा, अजून वेळ आहे!"

"अगं शेवंती, वेड लागलं का? पूजेला मांडलेली मशीनं ती. उद्या संध्याकाळी मुहूर्तावर चालू करू की."

"उद्या नको सर! माझ्या आईचं घर जाईल हो!"

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. खरंच ठेवलं, आणि मला त्याची लाज नाही. सर गडबडले, मागे सरकले. त्यांचे डोळेसुद्धा भरले होते. पण म्हणाले, "पोरी, ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस हात लावायचा नसतो. एका दिवसाने काय बिघडतंय?" काय बिघडतंय! त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? मी मशीनकडे हात नेला तर बाईसाहेबांनी माझं मनगट धरलं, अगदी प्रेमाने.

बाकीच्या दारांवर गेले. शटर खाली, बाहेर रांगोळी, कडीला आंब्याचं तोरण. डॉक्टरच्या दारावर कुलूप. डोंबिवलीला सीताराम तेवढा भेटला, दुकानाच्या पायरीवर. मला बघून खूश होऊन म्हणाला, "ताई, बघा आत. तुमच्या खाडीच्या गणितासाठी वेगळा हार घातलाय. मोठा."

मी त्या पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. बिचारा सीताराम पाणी आणायला धावला.

शनिवारी चांगदेव कल्याणला परतला. मी त्यांच्या चाळीच्या गॅलरीत बसून होते. त्याची आई जाईबाई मला तिसऱ्यांदा चहा देत होती आणि काय झालं ते विचारत नव्हती. तो आला, हातात संत्र्यांची पिशवी, चेहरा उजळलेला. "तू इथे? उत्तर आलं?"

मी सांगितलं. तो ऐकत राहिला. मग अगदी लहान मुलासारखं विचारलं, "बंद करतात? पूजा करताना बंद करतात?"

"हो रे."

"सगळेच?"

"सगळेच."

तो खाली बसला. राग आला असता तर बरं झालं असतं. नेहमी चिडणारा माणूस, पण त्याने नुसती संत्र्यांची पिशवी मांडीवर घेतली. म्हणाला, "मी चिठ्ठी लिहिली, इंटरनेट जोडलं, सगळी मशीनं एकमेकांना बांधली. आणि कोणाला साधं विचारलं नाही, तुमच्याकडे सणाला काय करतात." मग पिशवीतलं एक संत्रं काढून माझ्या हातात ठेवलं. का, ते त्यालाच ठाऊक.

सोमवारी तो माझ्याबरोबर सुनावणीला आला. हातात होते ते फक्त सोपे तुकडे. साहेबांनी कागद पाहिले आणि चष्मा वर केला. "यात तर कुठेच पाणी शिरत नाही. तुमच्याच आकड्यांत."

"सर, उधाण आणि पाऊस एकत्र ते राहिलंय. तेच महत्त्वाचं आहे."

"राहिलंय म्हणजे झालेलं नाही?"

भरणीवाल्यांचा वकील हसला. वस्तीची सगळी माणसं चांगदेवकडे बघत होती. दामाजीकाका पुटपुटला, "हो म्हण रं, मास्तर." एक आकडा फेकला असता तर? कोण तपासणार होतं? मीही मनातल्या मनात ओरडत होते, बोल ना, खोटं बोल! चांगदेवने साहेबांकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "झालेलं नाही."

भरणीला परवानगी मिळाली. दिवाळीनंतर शीळफाट्याकडून मुरमाचे डंपर यायला लागले. आमची तिवरं एका हिवाळ्यात गाडली गेली. वस्तीने चांगदेवशी बोलणं टाकलं. तुझ्या आकड्यांनीच आम्हाला बुडवलं, म्हणाले. त्याने गणित मात्र सोडलं नाही. कोणी मशीन देईना, तेव्हा क्लासच्याच कोपऱ्यातल्या एका जुन्या मशीनवर उधाण-पावसाचे ते सगळे तुकडे एकामागून एक चालवत ठेवले. उत्तर आलं तेव्हा गुढीपाडवा होऊन गेला होता. तो कार्यालयात गेला. निकाल लागलाय, आता काही नाही, म्हणून त्याला बाहेरूनच परत पाठवलं.

मग तो बाळकुमला आला. आईच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि जोत्याच्या बऱ्याच वर, भिंतीवर खडूने एक रेघ मारली. "आई, आषाढ अमावास्येच्या उधाणात पाऊस लागला तर इथपर्यंत. त्या दिवशी घरात राहू नका." आईने ती रेघ पुसली नाही. पुढे सारवण केलं तेव्हाही तेवढी जागा सोडली.

आषाढ अमावास्येला पाऊस लागला. चांगदेव सकाळीच आला होता. न बोलणाऱ्यांच्या दारांतही गेला, हातापाया पडला, म्हाताऱ्यांना उचलून शाळेत पोचवलं. दुपारच्या भरतीला पाणी आलं. माणूस एकही गेला नाही. घरं गेली. आईच्या घराची मागची भिंत बसली, तिचं छप्पर आमच्या डोळ्यांदेखत कलंडलं. पुढची भिंत तेवढी उभी राहिली. पाणी चढत चढत त्या रेघेशी आलं आणि थांबलं.

चांगदेव कंबरभर पाण्यात तो खुणांचा बांबू धरून उभा होता आणि हमसून रडत होता. गणित बरोबर आलं होतं.

आता आम्ही कळव्याला एका खोलीत राहतो, आई आणि मी. चांगदेवने क्लास सोडला. कल्याणला मुलांच्या शिकवण्या घेतो, खडूफळा वापरून. कॉम्प्युटरचा विषय काढला की उठून जातो. कधीमधी येतो, आईच्या हातची भाकरी खातो, फार बोलत नाही.

मागच्या नवमीला मी सकाळी उठून पाट मांडला, हळदकुंकू काढलं. काकाने होडी विकलेली, जाळी वाहून गेलेली. पूजेला विळी तेवढी उरलेली. स्वयंपाकघरात गेले तर आई खाली बसून खसाखसा भाजी चिरत होती.

"आई, अगं, आज नवमी."

"ठाव हाय," आई म्हणाली. मान वर न करता तिने दुसरी जुडी ओढली. "चालू राहू दे. एकदा बंद ठेवली ती पुरली."